हवा विरळ, डोकं जड

हरिश्चंद्रगडाची नळीची वाट हसतखेळत चढणारा गडी हिमालयात डोकं धरून तंबूत पडून राहतो, आणि ग्रुपमध्ये कायम सगळ्यांत मागे असलेली मावशी दुसऱ्यांदा राजमा-चावल वाढून घेते. हम्ता खिंडीच्या ट्रेकवर असं चित्र अधूनमधून दिसतं. गड्याला ते अपमानास्पद वाटतं. शरीरशास्त्राला त्यात काही नवल वाटत नाही.

मनालीजवळच्या जोब्राहून निघायचं, कुलूच्या बाजूची झाडी आणि कुरणं मागे टाकत सुमारे ४२७० मीटरवरची खिंड गाठायची आणि पलीकडे लाहौलच्या उघड्याबोडक्या डोंगरांत उतरायचं, असा हा ट्रेक. मोसमी ढग बरेचसे अलीकडेच रिकामे होतात. महाबळेश्वर आणि वाई पाहिलेल्या माणसाला ते समजावून सांगायला नको. पण आपला विषय पाऊस नाही, हवा आहे.

कळसूबाई, म्हणजे महाराष्ट्राचं सर्वोच्च टोक, १६४६ मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ऐंशी टक्क्यांहून थोडा जास्तच असतो. हम्त्यावर तो साठ टक्क्यांच्या आसपास येतो. ऑक्सिजनचा हवेतला वाटा मात्र दोन्हीकडे तोच, २१ टक्के. कमी होतो तो दाब, आणि फुप्फुसातून रक्तात ऑक्सिजन शिरतो तो दाबाच्याच जोरावर. सिंहगडाच्या फेऱ्या मारून कमावलेल्या मांड्या आणि दमसास चढायला उपयोगी पडतात. विरळ हवेशी शरीर किती लवकर जुळवून घेईल, हे त्यावरून ठरत नाही. ते माणसागणिक वेगळं असतं आणि बरंचसं उपजत असतं.

हे आपल्याकडे जवानांच्या जिवावर शिकलं गेलं. १९६२च्या युद्धाच्या काळात सपाटीवरचे सैनिक थेट उंच सीमेवर नेले गेले आणि शत्रूची गाठ पडण्याआधीच काही जण आजारी पडले. लष्करातले डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२५ जवानांचा अभ्यास करून १९६९मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये शोधनिबंध लिहिला. उंचीच्या आजारावर लिहिणारे आजही त्याचा हवाला देतात. हे जवान काही लेचेपेचे नव्हते.

शरीर वर गेल्यावर करतं काय? मानेत, मेंदूकडे जाणारी रोहिणी जिथे दुभागते तिथे, तांदळाच्या दाण्याएवढी एक गाठ असते. रक्तातला ऑक्सिजन घटला की ती मेंदूला कळवते आणि श्वास खोल नि भरभर होतो. त्याने ऑक्सिजन वाढतो, पण कार्बन डायऑक्साइड वाजवीपेक्षा जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होतं आणि मेंदूतलं श्वसनकेंद्र उलट आज्ञा देतं: थांब. दिवसा चालताना ही ओढाताण जाणवत नाही. रात्री तंबूत मात्र ऐकू येते. शेजारच्या स्लीपिंग बॅगमधला श्वास जोरजोरात वाढत जातो, मग ओसरत ओसरत चक्क बंद पडतो. दहा-पंधरा सेकंद काहीच नाही. तुम्ही त्याला हलवायला हात बाहेर काढता तेवढ्यात तो मोठा आवंढा घेतल्यासारखा श्वास घेतो आणि चक्र पुन्हा सुरू होतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याची झोप उडते, झोपणाऱ्याला बहुधा काही होत नसतं.

ही ओढाताण मिटवायचं काम मूत्रपिंडं करतात. ती जादा बायकार्बोनेट लघवीवाटे बाहेर टाकतात, पण त्याला काही दिवस लागतात. कडाक्याच्या थंडीत दोनदा उठून बाहेर जावं लागणं हे बऱ्याचदा शरीर रुळत असल्याचं लक्षण असतं. डायमॉक्सची गोळी हेच काम लवकर करवून घेते. बोटांना मुंग्या येतात, सोडा पाणचट लागतो, पण गोळी दुखणं झाकत नाही. डोकेदुखीची गोळी झाकते. ‘वर गेलं की रक्त वाढतं’ हेही ट्रेकर मंडळींचं आवडतं वाक्य. तांबड्या पेशी खरोखर वाढायला आठवडे लागतात, आणि आपल्याकडे रजा असते जेमतेम आठवड्याची.

त्रास सहसा पोहोचताच होत नाही, सहा ते बारा तासांनी डोकं वर काढतो. सगळ्यांच्या आधी कॅम्पला पोहोचून मावशीची चेष्टा करणारा रात्री उलट्या काढतो तो त्यामुळे. आणि ग्रुप असला की आणखी एक गोष्ट होते: कुणीच बोलत नाही. माझ्या मते हम्त्यावरचा खरा धोका हाच. पैसे भरलेत, रजा टाकलीय, माझ्यामुळे सगळ्यांचा ट्रेक कशाला बुडवू? कोरोनापासून घरोघरी आलेला ऑक्सिमीटर मग जेवणाच्या तंबूत फिरतो आणि आकड्यांची स्पर्धा लागते. बोट गार असलं तर तो आकडा भलताच येतो; भूक लागते का आणि डोकं दुखतंय का, हे दोन प्रश्न त्याहून भरवशाचे.

शिखरावरून माणूस आल्या वाटेने उतरतो. खिंडीचं गणित निराळं. अलीकडचा मुक्काम, बालू का घेरा, ३६००–३७०० मीटरच्या आसपास. खिंड ओलांडल्यावरचा शिया गोरू ३९००च्या आसपास. म्हणजे खिंड ‘उतरून’ही आदल्या रात्रीपेक्षा उंचावरच झोपायचं, आणि तिथून मागे फिरायचं तर खिंड परत चढायची. उंचीच्या आजारावर खरा उपाय खाली उतरणं हाच. तेव्हा निर्णयाची जागा बालू का घेरा, पलीकडे नव्हे.

त्या संध्याकाळी कुणाचं डोकं ठणकत असेल आणि जेवण जात नसेल, तर दुसऱ्या दिवशी वर जायचं नाही. टाचेला पाऊल लावत सरळ रेषेत चालायला सांगा. तोल जात असेल तर मेंदूला सूज आल्याची शंका घ्यायची. बसल्याजागी धाप आणि कोरडा खोकला म्हणजे फुप्फुसात पाणी होत असू शकतं. दोन्हींत सकाळची वाट पाहायची नाही, आणि एकट्याला धाडायचं नाही, कारण अशा माणसाला आपण ठीक असल्याची खात्री असते. सोबत कोण उतरणार, हे गाडीत बसण्याआधी पुण्यातच ठरवलेलं बरं.