डॉ. बावा-गर्बा खटला : कोर्ट नेमकं काय म्हणालं?

‘कोर्टाने डॉक्टरला निर्दोष ठरवलं आणि मेडिकल कौन्सिलला चपराक दिली.’ ब्रिटनमधल्या डॉ. हदिझा बावा-गर्बा यांच्या खटल्याबद्दल अजूनही असं सांगितलं जातं. यात चपराकीपुरतं तथ्य आहे. निर्दोषत्वाचा प्रश्न त्या कोर्टापुढे नव्हताच.

18 फेब्रुवारी 2011 रोजी लेस्टर रॉयल इन्फर्मरीत सहा वर्षांचा एक मुलगा सकाळी उलट्या-जुलाब आणि धाप लागते म्हणून दाखल झाला आणि रात्री सेप्सिसने गेला. बालरोग विभागात प्रशिक्षण घेणाऱ्या बावा-गर्बा बाळंतपणाच्या रजेवरून नुकत्याच परतल्या होत्या. त्यांचे वरिष्ठ सकाळी दुसऱ्या गावी होते. संगणकयंत्रणा बंद पडल्यामुळे रक्ताचे रिपोर्ट हाती यायला दुपारचे चार वाजून गेले. हे सगळं खरं. पण छातीचा एक्स-रे साडेबाराच्या सुमारास तयार होता, तो त्यांनी पाहिला तीनच्या सुमारास, आणि अँटिबायोटिक सुरू झालं त्यानंतर. ज्युरीने 2015 मध्ये घोर निष्काळजीपणामुळे मनुष्यवध झाल्याचं मान्य करून त्यांना दोषी ठरवलं. दोन वर्षांची कैद झाली, ती स्थगित ठेवली गेली. त्याविरुद्ध अपिलाची परवानगी 2016 मध्ये नाकारण्यात आली. दोषसिद्धी त्यानंतरही कायम राहिली.

दुसरा गैरसमज : कौन्सिलने परवाना रद्द केला आणि डॉक्टर कोर्टात गेल्या. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. ब्रिटनमध्ये दोषी डॉक्टरच्या नोंदणीवर कोणती कारवाई करायची, हे ठरवण्याचं काम वेगळं न्यायाधिकरण करतं. त्याने जून 2017 मध्ये रुग्णालयाच्या कारभारातल्या त्रुटी लक्षात घेऊन 12 महिन्यांचं निलंबन दिलं. जनरल मेडिकल कौन्सिलला ते सौम्य वाटलं. 2015 च्या अखेरीस मिळालेला अपिलाचा अधिकार वापरून कौन्सिलच हायकोर्टात गेली आणि जानेवारी 2018 मध्ये हायकोर्टाने नोंदणीपटावरून नाव काढण्याचा आदेश दिला. त्या आदेशाविरुद्ध बावा-गर्बा अपील न्यायालयात गेल्या. वकिलांच्या खर्चासाठी डॉक्टरांनी लोकवर्गणी काढली.

अपील न्यायालयाच्या 13 ऑगस्ट 2018 च्या निकालाचं मर्म इथे आहे. ज्युरी ठरवते, गुन्हा झाला का. न्यायाधिकरणापुढचा प्रश्न वेगळा : लोकांच्या सुरक्षिततेसाठी आणि पेशावरच्या विश्वासासाठी कोणती कारवाई योग्य? दोषसिद्धीवर शंका न घेताही ते आजूबाजूची परिस्थिती जमेस धरू शकतं. मनुष्यवधात दोषी म्हणजे नाव आपोआप कमी, असा नियम नाही. तज्ज्ञांच्या अशा निर्णयात हायकोर्टाने हात घालायला नको होता, असं सांगून अपील न्यायालयाने निलंबन पुन्हा लागू केलं. माझ्या मते हे योग्यच झालं. अटींसह काम करण्याची मुभा मात्र न्यायाधिकरणाने 2019 मध्ये दिली.

डॉक्टरांमध्ये सर्वांत जास्त घबराट पसरवली ती तिसऱ्या गोष्टीने : ‘प्रशिक्षणाच्या नोंदवहीत, म्हणजे ई-पोर्टफोलिओत, स्वतःच्या चुकांबद्दल लिहिलेलं बावा-गर्बांवरच उलटलं.’ तो ई-पोर्टफोलिओ ज्युरीपुढे पुरावा म्हणून ठेवलाच गेला नव्हता. तरीही अनेकांनी प्रांजळपणे लिहायला हात आखडता घेतला. अफवेने जे नुकसान केलं, ते कोर्टाच्या निकालाने भरून निघणारं नव्हतं.

आता आपल्याकडे पाहा. ‘मेडिकल कौन्सिलचा निर्णय अंतिम’ हे इथे ऐकू येणारं वाक्यही चूक आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा 2019 च्या कलम 30 नुसार राज्य वैद्यकीय परिषदेच्या कारवाईविरुद्ध डॉक्टर आधी आयोगाच्या नीतिमत्ता व नोंदणी मंडळाकडे आणि त्यानंतर 60 दिवसांत आयोगाकडे अपील करू शकतो. पुढे घटनेच्या अनुच्छेद 226 खाली हायकोर्टाचा दरवाजा उघडा असतोच. फरक असा की ब्रिटनसारखं वेगळं न्यायाधिकरण इथे नाही. तक्रार ऐकते परिषद आणि कारवाईही करते तीच. कलम 30 मधलं अपील डॉक्टरसाठी आहे. रुग्णाच्या नातेवाइकांचा त्यात उल्लेख नाही.