वादळानंतरचा बर्फ

२०१५ च्या जानेवारीत नॉर्वेच्या ध्रुवीय संशोधन संस्थेने ‘लान्स’ हे जहाज स्वालबार्डच्या उत्तरेला मुद्दाम बर्फात अडकवून ठेवलं. जूनपर्यंतचा मुक्काम, तळाखालचा बर्फ फुटला की नवा तुकडा शोधायचा!

हिवाळी वादळांनी दक्षिणेकडची दमट हवा आणली, की उणे ४० अंशांवरचा पारा थेट शून्याजवळ चढे. पण मला जास्त घातक वाटतं ते वादळाने मागे टाकलेलं भुसभुशीत हिम. ते गोधडीसारखं बर्फावर पसरतं. थंडी परतली, तरी ती खालच्या पाण्यापर्यंत पोचत नाही आणि बर्फाची जाडी वाढत नाही. शिवाय वाऱ्याने समुद्र घुसळला, की खोलवरचं अटलांटिकचं कोमट पाणी वर येऊन बर्फ खालून वितळवतं. भेगांमध्ये नवा बर्फ झपाट्याने धरतो खरा, पण तो पातळ. पुढच्या वादळात आधी तोच मोडतो.