हृदयरोगाची आगाऊ वर्दी

चेन्नईच्या मैलापूर भागात, लझ येथे, अमृतांजनाचे जनक काशीनाधुनी नागेश्वरराव यांच्या नावाचे उद्यान आहे. पहाटे तेथे फेऱ्या घालणाऱ्या प्रौढांत रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोष्टी निघाव्यात, यात नवल नाही. चेन्नईच्याच मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनने भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने केलेली देशव्यापी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लक्ष मधुमेही असून, प्रौढांपैकी शेकडा ३५ जणांस अतिरक्तदाब आहे. या दोहोंच्या मागोमाग येणाऱ्या एका विकाराचे नाव मात्र सहसा कोणी उच्चारीत नाही. तो म्हणजे क्लैब्य. शिश्नोत्थान न होणे अथवा न टिकणे.

शिश्नोत्थान ही मुळात रक्ताभिसरणाची क्रिया होय. मज्जातंतूंच्या टोकांतून व रोहिणींच्या अंतःस्तरातून नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो. भिंतींतील स्नायू सैल पडतात, रोहिणी रुंदावतात आणि रक्त आत भरते. रक्ताभिसरणातील या वायूचे कार्य उलगडल्याबद्दल फर्चगॉट, इग्नॅरो व मुराद यांस १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तंबाखू, मधुमेह, अतिरक्तदाब व वाढलेले कोलेस्टेरॉल हे सारे नेमका हाच अंतःस्तर बिघडवितात, आणि पुढे तेथेच मेदाचा थर साचू लागतो. हृदयाच्या रोहिणींचा व्यास ३ ते ४ मिलिमीटर, तर शिश्नाच्या रोहिणींचा अवघा १ ते २. गाळ सारखाच असला, तरी अरुंद नळ आधी तुंबणार.

इटलीतील मिलान येथे, छातीत कळ येऊन दाखल झालेल्या आणि हृद्रोहिणींचा विकार सिद्ध झालेल्या ३०० रुग्णांची चौकशी करण्यात आली. तिचा वृत्तांत २००३ साली आला. जवळजवळ निम्म्यांस क्लैब्य होते. आणि त्यांतील दोन तृतीयांशांस ते हृदयाची लक्षणे दिसण्यापूर्वीच, सरासरी ३९ महिने आधी जडले होते. तीन वर्षांहून अधिक असा हा मोलाचा अवधी! तो बहुधा संकोचात, नाही तर भिंतीवरच्या जाहिराती वाचून गाठलेल्या वैदूच्या दारी फुकट जातो.

प्रत्येक क्लैब्याचे मूळ रोहिणीतच असते असे नव्हे. चिंता, काही औषधे वा शस्त्रक्रिया हीही कारणे असतात. परंतु चाळिशीनंतर ते हळूहळू उद्भवले, तर रक्तदाब, साखर व मेद तपासून घेणे अगत्याचे. १९९८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले सिल्डेनाफिल हे औषध प्रथम हृदयशूळावर अजमावले गेले होते. त्याची गोळी परस्पर घेतल्याने रोहिणींतील मूळ दोष जागीच राहतो. शिवाय हृदयशूळासाठी जिभेखाली नायट्रेटची गोळी ठेवणाऱ्याने ती घेतल्यास रक्तदाब एकाएकी कोसळून प्राणांवर बेतू शकते.