कोंकणचा विद्यार्थी व त्याची वाट

कोंकणांतील विद्यार्थ्याची गोष्ट निघाली म्हणजे वडीलधारी मंडळी दारिद्र्याचें वर्णन करूं लागतात, आणि ऐकणारीं मुलें हळूच काढता पाय घेतात. आम्हांस वाटतें, ह्या गोष्टींत दारिद्र्यापेक्षांही अंतराचा वांटा मोठा आहे. सह्याद्रींतून उतरणाऱ्या नद्यांच्या खाड्यांनीं रत्नागिरीच्या किनाऱ्याचे तुकडे पाडले आहेत. पलीकडच्या गांवांतील देवळाची घंटा ऐकूं येते, पण तेथें जावयाचें तर होडी मिळाली पाहिजे. ती न मिळाल्यास डोंगर चढून खाडीस वळसा घालावा. अशा मुलखांत कोण शिकणार हें बुद्धीवर ठरण्यापूर्वीं शाळा किती कोसांवर आहे ह्यावर ठरत असे.

धोंडो केशव कर्वे १८७५ सालीं दापोली तालुक्यांतील मुरुडाहून साताऱ्यास परीक्षेला गेले, तें पायीं. दिवस पावसाचे, वाटेंत कुंभार्लीचा घाट, आणि अंतर शंभर मैलांहून अधिक. वयास सतरा वर्षें पुरीं झालीं होतीं. परंतु मुलगा दिसण्यांत लहान, म्हणून तेथील मंडळींनीं त्यांस परीक्षेस बसूंच दिलें नाहीं. पुढें त्यांनीं हा प्रसंग आपल्या आत्मवृत्तांत लिहिला. आम्ही तो वर्गांत सांगत असूं तेव्हां मुलें पायपिटीबद्दल हळहळत. आम्हांस मात्र नेहमीं असें वाटे कीं, परीक्षा घाटापलीकडे होती, हीच त्या गोष्टींतील खरी मेख.

शाळेच्या गांवीं पोहोंचल्यावर दुसरा प्रश्न अन्नाचा. दापोलीच्या मिशनच्या शाळेंतून महामहोपाध्याय पां. वा. काणे शिकले, आणि साने गुरुजीही तेथेंच शिकले. काण्यांचे वडील दापोलीसच वकिली करीत. साने गुरुजी पालगडाहून आलेले. पुढें शिक्षणासाठीं त्यांना औंधाची वाट धरावी लागली. ज्यांचें घर शाळेच्या गांवांत नसे, ते तांदुळाचें गाठोडें, कुळीथ व मेतकूट घेऊन येत आणि एखाद्या पडवीच्या कोपऱ्यांत चूल मांडीत. त्याहून गरीब जे, ते माधुकरी मागत किंवा वार लावून जेवत.

वारांविषयीं आतां फार गोड बोललें जातें. सात दिवसांचीं सात घरें. आज वकिलांकडे, उद्यां सावकारांकडे, परवां एखाद्या विधवा बाईकडे, जिच्या घरीं स्वतःपुरतेंच शिजे. ह्या व्यवस्थेनें कित्येक पिढ्या शिकल्या, हें निर्विवाद आहे. परंतु वाराचा मुलगा पंक्तीच्या शेवटीं बसे, दुसऱ्यांदा भात मागण्यास लाजे, आणि यजमानांकडे सुतक आलें किंवा मंडळी परगांवीं गेली कीं त्याचा तो दिवस उपाशी जाई. पहाटे उठून त्याच्यासाठीं चार मुठी तांदूळ अधिक धुणारी घरची गृहिणी असे. नांव मात्र यजमानाचें होई. आणि ह्या पुण्याईलाही कुंपण होतें. खारव्याच्या किंवा अस्पृश्य मानलेल्या घरच्या मुलास आमच्यांपैकीं कोणीं वार दिल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. त्या मुलांत बुद्धि नव्हती असें नाहीं. त्यांना पान वाढणारें घर गांवांत नव्हतें, एवढेंच.

मॅट्रिक झालें म्हणजे पुन्हां प्रवास. रत्नागिरीस कॉलेज निघालें तें १९४५ सालीं. तोंपर्यंत मुंबई, पुणें, सांगली नाहीं तर कोल्हापूर. मुंबईस जाणें आगबोटीनें. बोट दूर पाण्यांत उभी राही आणि उतारू पडावांतून तेथवर नेत. ओहोटीच्या वेळीं विद्यार्थ्यास ट्रंकेसह खांद्यावर घेऊन पडावांत बसविणारा पुष्कळदां त्याच्याच वयाचा मुलगा असे. पावसाळ्यांत बोटी बंद होत, आणि कॉलेजें नेमकीं जूनमध्यें उघडत. म्हणून मुलास आंबे पुरते उतरण्यापूर्वींच घर सोडावें लागे. एकदां गेला कीं गणपतीलासुद्धां येणें दुरापास्त.

हीं अंतरें कमी झालीं तीं मुख्यतः एस. टी. मुळें. रेल्वे आली फार उशीरां. कोंकण रेल्वे संपूर्ण सुरू झाली ती १९९८ च्या जानेवारींत. खेड्यापाड्यांतून सकाळीं निघून सायंकाळीं परतणाऱ्या तांबड्या गाडीनें जें केलें, त्याचें मोल आम्हीं शाळेच्या हजेरीपटावर प्रत्यक्ष पाहिलें आहे. मुलगी रात्रीं घरीं येणार, हा भरंवसा आईस मिळाला आणि मुलींची नांवें सातवीनंतर पटावरून गळावयाचीं थांबलीं. कर्व्यांनीं १९१६ सालीं महिला विद्यापीठ काढलें, त्यांच्या स्वतःच्या जिल्ह्यांत त्याचा अर्थ घरोघर पोहोंचावयास गाडीचें चाक लागलें! खाडीपलीकडच्या वाडींतील मुलें, खारव्यांचीं मुलें, हीं सर्व ह्याच गाडीनें वर्गांत येऊन बसलीं.

आजचें चित्र मात्र चमत्कारिक आहे. रत्नागिरी व सिंधुदुर्ग ह्या दोन जिल्ह्यांचें कोंकण मंडळ स्थापन झाल्यापासून दहावी-बारावीच्या निकालांत राज्यांत पहिलें असतें. २०२४ सालीं दहावीचा निकाल ९९.०१ टक्के लागला. आनंदच आहे. परंतु निकालाचे पेढे वांटून झाले कीं तेंच पास झालेलें मूल पिशवी भरतें. वर्गांत आम्ही ज्या मुलाला हुशार म्हटलें तो मुंबई-पुण्यास गेला. जो राहिला त्याच्याविषयीं 'बिचारा घरींच राहिला' असें बोललों. हें वळण आम्हां शिक्षकांनींच लावलें, आणि घरांतील वडिलांनीं तें पक्कें केलें. आतां वाडींत शाळा आहे, पण चौथीच्या वर्गांत मुलें मोजण्यास एका हाताचीं बोटें पुरतात.

दापोलीस १९७२ पासून कृषि विद्यापीठ आहे. आंबा, काजू, भात ह्यांचें शास्त्र जेथें शिकवितात तें ठिकाण आमच्या दारांत आहे. रत्नागिरीजवळ शिरगांवास १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. मासळीची पैदास, जाळीं, साठवण हे तेथील विषय. आमच्या ओळखीचीं कित्येक सुशिक्षित घरें ह्या दोन्ही विद्यालयांचीं नांवें आदरानें घेतात आणि मुलाचा अर्ज मात्र अन्यत्र पाठवितात. कलमांची बाग वडिलोपार्जित, पण तिच्यावरील तुडतुड्याचा बंदोबस्त विचारावयाचा गड्याला!

आमचा एक जुना विद्यार्थी, खारव्याचा मुलगा, शिरगांवास पदवी घेऊन गांवीं परतला. गेल्या वैशाखांत तो धाकट्या भावास घेऊन आमच्याकडे आला होता. भाऊ बारावीस बसलेला, गुण चांगले पडणार अशी अपेक्षा. आई म्हणत होती, मुंबईस मामाकडे पाठवावा. थोरल्याचें म्हणणें, त्यानें पुढें शिकून आपल्याच बंदरावर बर्फाचा कारखाना पाहावा. धाकटा गप्प बसून अंगणांतील सुकत घातलेल्या आंबोशीकडे पाहत होता. आम्हीं दोन्हीकडचे खर्च, वर्षें व वसतिगृहाची फी एका कागदावर लिहून दिली आणि तो कागद थोरल्याच्या हातीं न देतां धाकट्याच्या हातीं दिला. तो त्यानें दोनदां वाचला, आणि फीच्या आंकड्यासंबंधीं एक प्रश्न विचारला.