पत्रादेवीचे हुतात्मा स्मारक

गोव्याच्या पेडणे तालुक्यात, महाराष्ट्रातील बांद्याला लागून असलेल्या सीमेवरचे पत्रादेवी येथील हुतात्मा स्मारक, म्हणजे स्वातंत्र्यासाठी प्राण दिलेल्यांची स्मृतिवास्तू, प्रामुख्याने बाहेरून आलेल्या स्वयंसेवकांचे आहे. पेडणे व डिचोली हे तालुके 'नव्या काबिजादी'त, म्हणजे अठराव्या शतकात पोर्तुगिजांनी नव्याने मिळवलेल्या मुलखात मोडत. त्यापूर्वी तेथे सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल होता, त्यामुळे ही हद्द माणसांच्या नात्यागोत्यापेक्षा कागदावरच अधिक ठळक होती.

मे 1955 मध्ये ना. ग. गोरे व सेनापती बापट यांच्या तुकडीने पोर्तुगीज अमलाखालील गोव्याच्या मुक्तीसाठी आरंभलेल्या सत्याग्रहाला, म्हणजे निःशस्त्र कायदेभंगाला, 15 ऑगस्ट 1955 रोजी सामूहिक रूप आले आणि देशभरातून आलेले सत्याग्रही तिरंगा घेऊन हद्द ओलांडू लागताच पोर्तुगीज सैनिकांनी गोळीबार केला. पत्रादेवीला पंजाबातील इसडू गावचे तरुण शिक्षक कर्नैलसिंग बेनिपाल धारातीर्थी पडले. त्याच सत्याग्रहात गोळ्या लागलेल्या मध्य प्रदेशातील सहोद्राबाई राय पुढे लोकसभेवर निवडून गेल्या. यानंतर भारताने पोर्तुगालशी असलेले वकिलातीचे उरलेसुरले संबंधही तोडले.

स्पेनच्या यादवी युद्धात (1936–39) आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमध्ये, म्हणजे परदेशी स्वयंसेवकांच्या सैन्यदलात, 'जॉन स्मिथ' या नावाने लढलेले नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार हेही दुसऱ्यांच्या लढ्यासाठी बाहेरून गेलेले स्वयंसेवक म्हणून येथे आठवतात. मात्र त्यांच्या हाती बंदूक होती आणि पत्रादेवीच्या सत्याग्रहींच्या हाती केवळ झेंडा, हा फरक लहान मानता येत नाही.