खाऱ्या पाण्याच्या मागावर वर्षभर

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात नवीन माणूस भेटला की पहिला प्रश्न असतो, "घाटावरचे की घाटाखालचे?" घाटावर म्हणजे बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणारकडचं पठार. घाटाखाली म्हणजे मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगावकडचा पूर्णा नदीच्या खोऱ्यातला सपाट मुलूख. माझं गाव पिंपळगाव राजा, खामगाव तालुक्यातलं, घाट उतरून आल्यावर लागणारं. आईचं माहेर मात्र पूर्णेच्या पलीकडे, संग्रामपूर तालुक्यात. दोन्ही गावांत अंतर पन्नासएक किलोमीटरचं. पण आमच्या विहिरीचं पाणी गोड आणि आजीकडच्या विहिरीचं खारट. इतकं खारट, की त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि नवा पाहुणा चहाचा पहिला घोट घेऊन यजमानाच्या तोंडाकडे पाहतो.

लहानपणी सुट्टीत आजीकडे गेलं की आई दोन कॅन गोड पाणी एस. टी.त चढवायची. ते पाणी खारं का, असं विचारलं तर आजी म्हणायची, "इथं पयले समुद्र होता म्हनतात." पुढे अमरावतीला भूगर्भशास्त्रात एम. एस्सी. करताना प्रकल्पाचा विषय निवडायची वेळ आली तेव्हा मी तोच प्रश्न घेतला. आमचे सर म्हणाले, "नकाशा नंतर काढ. आधी विहिरी पाहून ये." त्या एका वाक्यापायी माझं सगळं वर्ष प्रवासात गेलं. एस. टी.त, जलंबहून खामगावला जाणाऱ्या, १८७० साली कापसासाठी टाकलेल्या छोट्या रेल्वे फाट्यावर आणि सर्वांत जास्त मामेभावाच्या मोटारसायकलवर.

सामान फार नव्हतं. प्लास्टिकच्या बाटल्या, विहिरीची खोली मोजायला दोर आणि टेप, वही, आणि पेनाएवढा एक मीटर. हा मीटर पाण्यात बुडवला की आकडा दाखवतो. शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ जात नाही. क्षार विरघळलेले असले की जाते. जितके क्षार जास्त, तितकी वीज सहज जाते आणि त्यावरून एका लिटरमध्ये किती मिलिग्रॅम क्षार आहेत याचा अंदाज येतो. पिण्याच्या पाण्यात हा आकडा ५०० पर्यंत असावा, दुसरं पाणी मिळतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यावा, असं भारतीय मानक सांगतं. आमच्या घरच्या विहिरीत मीटर निवांत राहिला. नांदुऱ्याकडून पूर्णेच्या दिशेनं निघाल्यावर मात्र तो गावागणिक वर सरकू लागला आणि नदीजवळच्या गावांत चार आकड्यांच्या खाली उतरेना. मी बाटली भरत असताना एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "कायले भरतं वं पोरी हे पानी? याले तं ढोरंबी तोंड लावत नाही."

हा खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही बाजूंना पसरला आहे. क्षेत्र सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर, गावं नऊशेच्या आसपास. वऱ्हाडातली ही काळीभोर, सपाट, पाहताक्षणी मोहात पाडणारी जमीन. बाहेरचा माणूस म्हणतो, असली माती आणि तुम्ही कोरडवाहू? पण विहीर खोदून करायचं काय?

याचं कारण जमिनीच्या पोटात आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाच्या थरांचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. आमच्या पिंपळगावाखाली तोच खडक आहे. त्याच्या भेगांत आणि मुरमात पावसाचं पाणी मुरतं, तिथून विहिरीत झिरपतं, विहिरीतून उपसलं जातं, नाल्याला लागतं. थोडक्यात, ते वाहतं राहतं. पूर्णेचं खोरं वेगळं. सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीला मोठा खोल तडा आहे. त्याच्या दक्षिणेचा भाग खचला, आणि त्या खळग्यात नद्यांनी लाखो वर्षं गाळ आणून भरला. काही ठिकाणी या गाळाची जाडी चारशे मीटरहूनही अधिक आहे. त्यात वाळूचे पट्टे थोडे, चिकणमाती फार. चिकणमातीतून पाणी इतक्या सावकाश सरकतं, की ते साचल्यासारखंच असतं. मातीतले क्षार त्यात उतरत राहतात, ऊन पाणी घेऊन जातं आणि क्षार मागे ठेवतं. आजीचा समुद्र त्यात कुठं सापडला नाही. तो गाळ नदीचाच आहे.

एवढं मी पुस्तकातून सांगू शकले असते. ते डोळ्यांनी पाहिलं लोणारला.

लोणारला जाताना बुलढाण्याकडून घाट चढावा लागतो. तो रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून, बोथ्यावरून जातो. २०१९ साली यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ पाच महिन्यांत तेराशे किलोमीटर चालून याच जंगलात येऊन राहिला होता. त्याच्या गळ्यात शास्त्रज्ञांनी रेडिओ कॉलर बांधली होती म्हणून ते कळलं. माझ्या गळ्यात बाटल्यांची पिशवी होती. मामेभाऊ म्हणाला, "ताई, तूही त्याच्याइतकी हिंडशील असं दिसतंय."

लोणारचं विवर उल्कापातानं झालेलं, व्यास सुमारे १.८ किलोमीटर. त्याचं वय पूर्वी ५२ हजार वर्षं सांगत; नंतरच्या एका अभ्यासात ते ५ लाख ७० हजार वर्षांच्या आसपास निघालं. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा सगळा देश लोणारकडे पाहू लागला. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगामुळे ते घडलं, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं दाखवलं, आणि त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पण मी तिथं गेले ती धारेसाठी. विवराच्या काठावर गोमुखातून बारमाही गोड पाण्याची धार पडते. लोक तिथं स्नान करतात, तांब्या भरून नेतात. तेच पाणी उतारावरून खाली सरोवराकडे जातं. आणि खाली सरोवर असं, की त्याचा सामू दहाच्या आसपास. हाताला साबणासारखं बुळबुळीत लागतं. आईन-ए-अकबरीतही इथल्या क्षारांचा उल्लेख आहे. वर गोड आणि खाली खारं, मध्ये फक्त एक उतार. सरोवराला पाणी आत यायला वाटा आहेत, बाहेर जायला एकही नाही. त्या दिवशी काठावर बसून मी वहीत पूर्णेच्या खोऱ्याचं चित्र काढलं आणि त्याच्याभोवती विवरासारखी कड काढली.

मग उलट्या टोकाला, जळगाव जामोदच्या उत्तरेला, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी गेले. डोंगरातून उतरणाऱ्या नद्यांनी इथं दगडगोटे आणि जाड वाळू टाकली आहे. पावसाळ्यात नदी भरून येते आणि काही अंतरावर जमिनीत गडप होते. पाणी खोल असतं, पण गोड. म्हणून इथं संत्र्याच्या आणि केळीच्या बागा. तिथून दक्षिणेला पूर्णेकडे मोटारसायकल वळवली की आधी बागा संपतात, मग विहिरींवरचे पंप संपतात आणि मग नुसती कपाशी, तूर, हरभऱ्याची वावरं लागतात. मीटर न काढताही पाण्याचा नकाशा पिकांवरून वाचता येतो, हे मला त्या रस्त्यानं शिकवलं. बागायतदारांना मात्र मी एक गोष्ट आवर्जून विचारत असे: दहा वर्षांपूर्वी पाणी किती हातांवर होतं? उत्तर देताना बहुतेक जण आधी हसायचे.

संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांना आता वान धरणातून १४० गावांच्या योजनेचं पाणी मिळतं, त्यामुळे आजीच्या स्वयंपाकघरात डाळ शिजते. या भागात किडनीच्या आजाराविषयी वर्षानुवर्षं बोललं जातं. ते निदान डॉक्टरांचं, माझ्या मीटरचं नाही. पण नळ चार दिवस आला नाही की बाया पुन्हा कोणत्या विहिरीकडे वळतात, ते मी पाहिलं आहे.

हिवाळ्यात मी सांगली आणि कोल्हापूरकडे गेले, आणि वर्षभरातला सर्वांत मोठा धक्का तिथं बसला. आमच्याकडे पाणी नाही म्हणून लोक रडतात, तिथं कृष्णेचं मुबलक पाणी. आणि मिरज, वाळवा, शिरोळ तालुक्यांत ऊस उभा असायच्या जमिनींवर पांढरा थर! त्याला तिथं क्षारपड म्हणतात, आणि माती घट्ट होऊन पाणी जिरेनासं झालं की चोपण. आमचे क्षार निसर्गानं लाखो वर्षांत साठवले. त्यांचे पन्नास-साठ वर्षांत वर आले. उसाला पाटानं पाणी देत राहिल्यावर जमिनीखालची पातळी वर चढली. ती पृष्ठभागाच्या जवळ आली की कंदिलाच्या वातीतून तेल चढावं तसं पाणी मातीतून चढतं, उन्हानं उडून जातं, आणि त्यातलं मीठ वावरावर राहतं.

तिथं उपाय पाहिला तो असा. जमिनीत मीटर-दीड मीटर खोलीवर बारीक छिद्रांचे पाइप ठरावीक अंतरावर, उतार देऊन पुरतात. जादा पाणी त्यांतून मोठ्या पाइपात आणि तिथून नाल्यात जातं. जाताना क्षार घेऊन जातं. मिरज तालुक्यातल्या कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रानं यावर बरंच काम केलं आहे, शिरोळ तालुक्यात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन हजारो एकरांत हे पाइप टाकले आहेत. नापीक पडलेल्या जमिनीत पुन्हा ऊस उभा राहिलेला मी पाहिला. मला त्यात खटकलं ते एवढंच, की नाल्यातलं ते खारं पाणी शेवटी नदीतच जातं आणि नदीच्या खाली कोणाचं तरी गाव असतंच.

पाइप पाहून मी एका शेतकऱ्याला म्हटलं, खर्च बराच आला असेल. ते म्हणाले, "पैशाचं जमलं हो. माझ्या रानातलं पाणी शेजाऱ्याच्या रानातून न्यायचं, त्यालाच तीन वर्षं गेली." हे वाक्य मी वहीत दोनदा लिहिलं.

हरियाणात कर्नालला १९६९ पासून केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था आहे. तिथं मी थोडे दिवस होते. खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या भात-गव्हाच्या जाती पाहिल्या. आमच्या कोरडवाहू वऱ्हाडाला त्यांचा उपयोग कमी. पण जिप्समचं शास्त्र तिथं नीट कळलं. मातीचे कण कॅल्शियममुळे एकमेकांना धरून गुठळ्या करून राहतात आणि मधून पाणी जातं. सोडियम वाढला की कण सुटे होतात, वाटा बुजवतात. जिप्सम टाकलं की त्यातला कॅल्शियम सोडियमची जागा घेतो. सुटलेला सोडियम मात्र पाण्याबरोबर बाहेर जायला हवा. तो तिथंच राहिला तर जिप्समचे पैसे फुकट.

आता हे सगळं घेऊन मी पूर्णेकाठी परत आले, ते वेगळ्याच काळजीनं. नांदुरा तालुक्यात पूर्णेवर जिगावचा मोठा प्रकल्प उभा राहतो आहे. १९९० च्या दशकात मंजूर झालेला, अजून काम चाललेला. त्याचं पाणी उपसा योजनांतून लाखभर हेक्टरांवर जायचं आहे, आणि त्यात खारपाणपट्टाही आहे. मामाची सात एकर त्याच आशेवर. तीन पिढ्या केवळ पावसावर काढलेल्या माणसाला मी काय सांगू? हरभऱ्याला वेळेवर एक ओलित मिळालं तर त्याचं घर सावरतं. धरण नको असं मी म्हणणार नाही, तो अधिकार मला नाही. पण पाणी येण्याआधी ते जायची वाट तयार हवी, हे मला सांगावंच लागणार होतं. आमच्या चिकणमातीत सांगलीपेक्षा पाणी लवकर तुंबेल आणि खालचं मीठ तर आधीपासून तयार बसलं आहे.

तोवर काय करावं, ते काही गावांनी शोधलंच आहे. इथली माती पाणी जिरू देत नाही, म्हणून शेततळ्याला प्लास्टिकही लागत नाही. पावसाचं गोड पाणी साठतं, हरभऱ्याला एक-दोन ओलितं होतात. फक्त तळं फार खोल नेऊ नये. खालचं खारं पाणी लागलं तर वरचंही बिघडतं. जिथं थोडंफार गोड पाणी खाऱ्यावर तरंगतं, तिथं मोठा पंप लावला की खालचं खारं पाणी शंकूसारखं वर ओढलं जातं. एकदा वर आलं, की ते सहजासहजी खाली बसत नाही.

मामाला मी ओसरीवर बसून सगळं समजावलं. सांगलीचे फोटो दाखवले. पांढऱ्या रानाचा फोटो त्यानं बराच वेळ पाहिला, बोटानं मोठा करून पाहिला. म्हटलं, तुषार सिंचन घे, पाटानं पाणी सोडू नकोस, आणि पाणी यायच्या आधी चर काढून ठेव.

तो म्हणाला, "चर काढतो. पन जाईन कुठी? नाला तं तीन वावरं सोडून हाय."

मग आम्ही त्या तीन वावरांचे मालक मोजले. एक पुण्यात कंपनीत आहे, एकाशी मामाचं बांधावरून बोलणं बंद आहे, आणि तिसरी बाई विधवा, तिचा सातबारा अजून सासऱ्याच्या नावावर. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा तिच्याकडेच आधी गेला. मी टेप घेऊन बरोबर होते, बांधापासून नाल्यापर्यंतचा उतार मोजायला.