शासकीय डिजिटल सेवा, माहिती सुरक्षितता आणि जनमानस : उमरगा तालुक्याच्या संदर्भात

प्रस्तावना

पुणे-सोलापूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्गावर, कर्नाटकाच्या सीमेलगत वसलेला उमरगा हा धाराशिव जिल्ह्यातील प्रामुख्याने शेतीवर अवलंबून असलेला तालुका होय. सातबारा उतारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, शिष्यवृत्ती, अनुदान या सर्व बाबी आता संगणकाच्या माध्यमातून नागरिकांपर्यंत पोहोचतात. या सेवांविषयीच्या जनमताची चर्चा बहुधा एकाच निदानावर येऊन थांबते : ग्रामीण नागरिकास तंत्रज्ञानाचे ज्ञान नाही, म्हणून तो निष्काळजी राहतो आणि फसतो. हे निदान शासकीय यंत्रणेच्या सोयीचे असले तरी अपुरे आहे. नागरिकांची निष्काळजी वाटणारी वर्तणूक पुष्कळदा सेवेच्या कार्यपद्धतीनेच त्यांच्यावर लादलेली असते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

भीती कशाची?

माहिती सुरक्षिततेची तीन अंगे मानली जातात : गोपनीयता, अचूकता आणि उपलब्धता. शहरी चर्चेत गोपनीयतेला अग्रस्थान असते. उमरग्यासारख्या भागात हा क्रम उलटा लागतो. माहिती बाहेर फुटेल यापेक्षा आपले नाव यादीतून गळेल, याची धास्ती मोठी असते. तिला इतिहासही आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाची सर्वाधिक झळ औसा आणि तत्कालीन उमरगा तालुक्यांना बसली. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावांचे पूर्णतः स्थलांतर करून पुनर्वसन करण्यात आले. अशा प्रदेशात यादीत नाव असणे म्हणजे काय, हे कोणास समजावून सांगावे लागत नाही.

अलीकडचे उदाहरण पीक विम्याचे आहे. ऑक्टोबर २०२० मधील अतिवृष्टीत जिल्ह्यातील सोयाबीनचे मोठे नुकसान झाले. योजनेच्या अटीनुसार नुकसानीची पूर्वसूचना ७२ तासांच्या आत देणे आवश्यक होते. त्यासाठी ॲप, निःशुल्क दूरध्वनी इत्यादी मार्ग होते. शेतात पाणी, गावात वीज नाही आणि मोबाईलला जाळे नाही, अशा अवस्थेत असंख्य शेतकऱ्यांना ही सूचना देता आली नाही आणि विमा कंपनीने मुदतीचा मुद्दा पुढे केला. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने शेतकऱ्यांच्या बाजूने निर्णय दिला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयातही गेले. ज्या शेतकऱ्याने हा अनुभव घेतला, तो पुढच्या वेळी कोणतीही मुदत दिसताच आधार क्रमांक, बँक पासबुक आणि मोबाईल घेऊन सेवा केंद्राकडे धाव घेतो. कागद कोणाच्या हाती पडले याची विचारपूस तो करीत बसत नाही, आणि त्याच्या जागी असणारा कोणताही शहाणा माणूस ती करणार नाही.

सेवा केंद्र आणि ओटीपी

शासनाच्या संकल्पनेत नागरिक आणि पोर्टल समोरासमोर असतात. प्रत्यक्षात त्यांच्यामध्ये 'आपले सरकार' किंवा सामायिक सेवा केंद्राचा चालक असतो. लोकांचा विश्वास संकेतस्थळावर नसून या चालकावर असतो. तो ओळखीचा असतो, काम अडल्यास त्याला जाब विचारता येतो. संकेतस्थळाला जाब कोण विचारणार?

पेच येथेच निर्माण होतो. बँका, पोलीस आणि शासन एकमुखाने सांगतात की ओटीपी कोणालाही सांगू नका. परंतु ज्याच्याकडे स्वतःचे संगणकीय साधन नाही, त्याचा अर्ज ओटीपी सांगितल्याशिवाय पुढे सरकतच नाही. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत दरमहा १,५०० रुपये मिळतात. सप्टेंबर २०२५ मध्ये या योजनेसाठी ई-केवायसी बंधनकारक झाले, तेव्हा लाभार्थी महिलेच्या आधारशी जोडलेल्या मोबाईलवरील ओटीपीसोबत पतीच्या अथवा वडिलांच्या मोबाईलवरील ओटीपीही मागितला जात होता. त्याच महिन्यात धाराशिव जिल्ह्याचा मोठा भाग पुराने वेढलेला होता. पती कामासाठी परगावी असल्यास फोनवरून आकडे विचारून केंद्रचालकास सांगणे एवढाच मार्ग उरतो. याच काळात बनावट संकेतस्थळांविषयीही सावधगिरीच्या सूचना द्याव्या लागल्या. दिवसा केंद्रावर ओटीपी सांगणाऱ्या महिलेने संध्याकाळी आलेल्या दूरध्वनीवर तो सांगू नये, ही अपेक्षा करताना दोन मागण्यांमधील फरक तिला कोणी शिकविला, हाही प्रश्न विचारावयास हवा.

बोटाचा ठसा

आधार आधारित देयक प्रणालीत बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा एवढ्यावर पैसे निघतात. ओटीपी लागत नाही. वृद्ध निवृत्तिवेतनधारकांस ही मोठी सोय आहे. मात्र पासवर्ड बदलता येतो, बोट बदलता येत नाही. महामार्गाने उमरग्यापासून काही तासांवर असलेल्या तेलंगणात २०१८ मध्ये एका प्रकरणात जमीन नोंदणीच्या दस्तऐवजांवरील ठसे संकेतस्थळावरून मिळवून त्यांच्या रबरी प्रतिकृती तयार करण्यात आल्या आणि त्याआधारे सिमकार्डे कार्यान्वित करण्यात आली. ठसा चोरीला जाण्यासाठी त्या व्यक्तीची कोणतीही चूक व्हावी लागली नव्हती, हे लक्षणीय होय.

यावर आधार प्राधिकरणाने ठसे कुलूपबंद करण्याची सोय दिली आहे. परंतु ती वापरण्यास आधारशी जोडलेला, चालू मोबाईल क्रमांक लागतो. आणि कुलूप लावल्यावर रास्त भाव दुकानातील यंत्रही बोट स्वीकारीत नाही, तात्पुरते कुलूप काढावे लागते. सुरक्षा आणि धान्य यांपैकी एकाची निवड करावयाची झाल्यास कोणते कुटुंब काय निवडेल, हे सांगण्यास सर्वेक्षणाची गरज नाही. प्राधिकरणाची भूमिकाही सदैव स्थिर राहिलेली नाही. आधारची छायाप्रत कोणासही देऊ नये, असे पत्रक मे २०२२ मध्ये त्याच्या बंगळुरू कार्यालयाने काढले आणि दोनच दिवसांत ते मागे घेण्यात आले.

चावडीवरील माहिती आणि पडद्यावरील माहिती

सातबारा हा पूर्वापार खुला अभिलेख आहे. कोणाचे क्षेत्र किती आणि 'इतर अधिकार' रकान्यात कोणत्या सोसायटीचा बोजा आहे, हे गावास ठाऊक असे. पण गावास ठाऊक असणे आणि राज्यात कुठेही बसलेल्या अनोळखी व्यक्तीस गाव व गट क्रमांकावरून पाहता येणे, या भिन्न गोष्टी आहेत. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागल्याने तलाठ्याकडील हेलपाटे कमी झाले, ही मोलाची सुधारणा होय. लोक तिचे मोकळेपणाने स्वागत करतात. मात्र फोनवरील भामटा जेव्हा गट क्रमांक आणि कर्जाचा तपशील अचूक सांगतो, तेव्हा तो शासकीय माणूसच असणार, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार केल्यास रक्कम गोठविता येण्याची शक्यता असते.

कायदा आणि महाविद्यालये

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. अनुदान व लाभ देण्यासाठी शासनास काही अटींवर स्वतंत्र संमतीविना माहिती वापरण्याची मुभा त्यात आहे. माहितीचा भंग झाल्यास ती बाळगणाऱ्या संस्थेने संबंधित व्यक्तीस कळवावे आणि मंडळास ७२ तासांच्या आत तपशील द्यावा, अशी तरतूद असून ती नियम प्रसिद्ध झाल्यापासून अठरा महिन्यांनी, म्हणजे २०२७ मध्ये, लागू व्हावयाची आहे. सोयाबीन पाण्याखाली असताना शेतकऱ्यास दिलेली मुदत नेमकी एवढीच होती.

हा अधिनियम केवळ मंत्रालयापुरता नाही. प्रवेशाच्या आणि शिष्यवृत्तीच्या हंगामात आधार, जात प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि पासबुक यांच्या छायाप्रती महाविद्यालयाच्या कार्यालयात गठ्ठ्यांनी जमा होतात. विद्यार्थ्यांची नावे, प्रवर्ग आणि मोबाईल क्रमांक असलेल्या याद्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतात. शेवटचे चारच अंक दाखविणारे आधार स्वीकारणे, काम संपलेल्या छायाप्रती नष्ट करणे आणि सूचना फलकावरील यादीतून मोबाईल क्रमांक वगळणे, यांसाठी कोणत्याही नव्या संगणकाची वा निधीची आवश्यकता नाही.